पेन्सिलीने लिहिलेला आकडा

वाडीच्या नाक्यामागे आमचं गॅरेज.
एकवीस ट्रक, दोन खड्डे, एक कूलर
जो मे महिन्यात फक्त आवाज करतो.

पंधरा हजार किलोमीटर झाले की ऑइल काढायचं.
हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही.
मी कामाला लागलो तेव्हाच भिंतीवर लाल रंगात होतं,
आणि रंग तेव्हाच जुना होता.

अठ्ठावीस वर्षं मी डिपस्टिक ओढून
अंगठा आणि बोटाच्या मध्ये थेंब चोळत आलो.
पातळ लागलं तर डिझेल मिसळलंय,
खर लागली तर देवाचं नाव घ्या.
चोळून चोळून अंगठ्याच्या रेषा गेल्या.
आधारवाल्या पोराने तीनदा पुसून पाहिलं,
मशीनला मी सापडलोच नाही.

मग हेडाऊ शेठची सून आली, स्वरूपा,
पिशवीत झाकणाच्या बाटल्या घेऊन.
इंजिन गरम असू द्या, काका.
पहिली धार सोडून द्या, मधली घ्या.
शालिक उईके टायरवर बसून पोहे खात होता,
तर्रीचा ठसका लागेपर्यंत हसला:
"लघवी तपासून राहिले का जी गाडीची?"

बाटल्या हिंगण्याच्या लॅबला गेल्या.
चौथ्या दिवशी कागद आले.

सात नंबर, हैदराबाद लाइन, पंधरा हजार पूर्ण.
लोखंड दशलक्षात एकवीस.
घट्टपणा जागेवर.
आम्लाशी भांडायची ताकद अर्ध्याहून जास्त शिल्लक.
शेरा: चालू ठेवा, पाच हजारांनी पुन्हा नमुना पाठवा.

चालू ठेवा.
मी खड्ड्यात उभा राहून तो शेरा दोनदा वाचला.
म्हणजे इतकी वर्षं मी चांगलं तेल
भंगारवाल्या नईमच्या ड्रममध्ये ओतत होतो,
आणि वर हात झटकून
काम झाल्यासारखा चहा पीत होतो.
किती ड्रम, याचा हिशेब मी केला नाही.
स्वरूपाने केला असणार.
मला दाखवला नाही.

तीन नंबर, उमरेडची खाण, फक्त आठ हजार.
लोखंड एकशे अठरा. सिलिकॉन त्रेचाळीस.
"सिलिकॉन म्हणजे माती, काका."
हे तेल मी परवाच चोळलं होतं.
माझ्या अंगठ्याने त्याला पास केलं होतं.

शालिकची गाडी होती.
एअर फिल्टरचा पाइप काढला, क्लॅम्प सैल केला.
खाली चीर. नखाएवढी.
आठ हजार किलोमीटर तिथून
खाणीच्या रस्त्याची धूळ आत जात होती,
पिस्टनसोबत वर-खाली करत होती,
आणि भिंत तिला अजून सात हजार देणार होती.
शालिक या वेळी हसला नाही.
त्याने पाइप हातात घेतला,
चिरेत बोट घालून पाहिलं,
"काऊन दिसली नाही बे मले," स्वतःशीच म्हणाला.

आता प्रत्येक स्टिअरिंगला एक कार्ड लटकतं.
पुढची बदली, आणि पुढे आकडा.
तो मी पेन्सिलीने लिहितो.
तीनला नऊ हजार. सातला आधी वीस,
मग खोडून सव्वीस.
सव्वीसला सातचं तेल काढलं
तेव्हा सवयीने चोळून पाहिलं. काळं होतं.
काळं तर ते दुसऱ्या दिवसापासूनच असतं.

भिंतीवरचा लाल पंधरा हजार कुणी पुसला नाही.
मी त्यावर कॅलेंडर टांगलंय.

परवा शेठ म्हणाले,
अठ्ठावन्नला सगळेच थांबतात, मिस्त्री.
या दिवाळीला मला अठ्ठावन्न.
मी काही बोललो नाही.
स्वरूपा बाटल्यांवर नंबर चिकटवत होती,
मान वर न करता म्हणाली,
"आधी नमुना घेऊ."

शेठ हसले. मीही थोडा हसलो,
आणि हात धुवायला नळावर गेलो.
मे महिना. टाकी उन्हात.
पहिली धार उकळती आली,
ती सोडून दिली.